अँबॅसिडरची काच

“पण सर, तिला चमचे का नाही दिलेत?”

भरतेश मगदूमनं हे विचारलं तेव्हा मयूरी पोवार नुकतीच जिना उतरून गेली होती. तिच्या स्कूटरचा आवाज अजून गल्लीत होता.

मुल्लाणी सर खिडकीशी बसून रंग फवारायच्या बारक्या पिचकारीची सुई पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठले चमचे?”

“प्लॅस्टिकचे, सर. रंगवायचे.”

“हां, ते...”

आणि ते पुन्हा सुई पुसायला लागले.

हे चमच्यांचं प्रकरण आधी सांगायला हवं. नाहीतर भरतेशच्या पोटात काय दुखत होतं ते कळायचं नाही.

कोल्हापुरात कसबा बावड्याला इस्माईल मुल्लाणी सरांचं घर आहे आणि घरावर एक पत्र्याची खोली. सरांनी उभं आयुष्य पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवलं. निवृत्त झाले आणि त्या खोलीत प्लॅस्टिकच्या गाड्या जोडत बसले.

खेळण्यातल्या गाड्या नव्हेत. खऱ्या गाडीच्या बरहुकूम, पण तळहातावर मावणाऱ्या. खोक्यात सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. दाराच्या कडीसाठी एक सकाळ जाते आणि आरशासाठी दुसरी. ज्यांना हे वेड आहे त्यांना ते का आहे हे सांगता येत नाही, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून उपयोग नसतो.

दर रविवारी सकाळी असे चार-दोन वेडे सरांकडे जमत. सर फी घेत नसत आणि फारसं शिकवतही नसत. नवीन माणूस आला की त्याच्यापुढे चमच्यांचं एक पाकीट ठेवत. लग्नात आइस्क्रीमबरोबर मिळतात तसले चमचे. चमच्याची पाठ गाडीच्या टपासारखी गोल असते. तिच्यावर रंग ओघळू न देता, दाणा न येऊ देता मारता आला की मग गाडीला हात लावायचा.

भरतेश दातांचा डॉक्टर. राजारामपुरीत दवाखाना, हात एकदम स्थिर, आणि तो स्थिर आहे हे त्याला चांगलंच ठाऊक. तरी त्यानं वर्षभर चमचे रंगवले होते. लाल, निळे, चंदेरी, मोतिया. पुढे हेच त्याचं भूषण झालं. “सरांनी मला वर्षभर चमचे रंगवायला लावले,” हे तो प्रत्येक प्रदर्शनात, कुणी न विचारता सांगायचा. पैलवानानं तालमीचं नाव सांगावं तसं.

आणि ही मयूरी. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. गणपतीनंतर आली काय, आणि दुसऱ्याच रविवारी तिच्या हातात गाडी काय! तीही सरांच्या स्वतःच्या कपाटातली.

म्हणून तो प्रश्न. आठ-दहा रविवार तो भरतेशच्या जिभेच्या टोकावर बसून होता.

“दिले होते की तिलाही,” सर शेवटी म्हणाले.

“कधी?”

“पहिल्याच दिवशी. तू गेल्यावर पाकीट दिलं. तिनं एक चमचा रंगवला, वाळू दिला, उन्हात धरून बघितला. म्हणाली, झाला सर, आता गाडी द्या.”

“आणि तुम्ही दिलीत?”

“झाला होता की.”

“मग मला वर्षभर का, सर?”

आता मात्र सरांनी सुई खाली ठेवली.

“मी तुला एकच पाकीट दिलं होतं, भरतेश. पुढची तू आणलीस.”

भरतेशला हसू आलं नाही. त्यानं आठवून बघितलं आणि आठवलं ते बरोबर निघालं. पुढची पाकिटं त्यानं स्वतः, लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून आणली होती. दर रविवारी तो चमचा पुढे करायचा. सर, कसा झालाय? सर म्हणायचे, चांगला झालाय. मग भरतेशला वाटायचं, नुसता चांगला? आणि तो नवा चमचा घ्यायचा.

“तुम्ही ‘बास’ असं कधी म्हणालाच नाहीत.”

“तू कधी म्हणालास?” सर म्हणाले आणि पिचकारी जोडायला लागले.

भरतेश घरी गेला तो धुमसतच. उत्तर बरोबर असलं की राग जास्त येतो, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

खरं तर दुखणं चमच्यांचं नव्हतंच. दुखणं होतं ते हसण्याचं.

मयूरी अँबॅसिडर करत होती. तिचे वडील एका मालकाची अँबॅसिडर टुरिस्टवर चालवायचे. गोवा, तिरुपती, कुठं कुठं. मालकानं गाडी विकली, वडील घरी बसले. आता गुडघ्यांनी बेजार होते आणि दुपारभर दारात बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. तिला ती गाडी त्यांना करून दाखवायची होती. अँबॅसिडरचं खोकं सरांकडे नव्हतं. सरांनी कपाट धुंडाळून तिच्या तोंडावळ्याची एक जुनी विलायती गाडी काढली आणि पुटी भरून, घासून तिची अँबॅसिडर कशी करायची तेवढं सांगितलं.

भरतेशच्या डोळ्यांनी बघाल तर त्या गाडीत दहा चुका निघाल्या असत्या. बोनेटचा उठाव डावीकडे जरा जास्त होता. पांढऱ्या रंगात एका जागी केस अडकला होता. दाराची फट एकसारखी नव्हती.

पण एका रविवारी मयूरीनं टप बाजूला काढून गाडीच्या आतलं सरांना दाखवलं.

ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर टॉवेल टाकला होता. टिश्यू कागदाचा, कडेला बारीक लाल रेघ ओढलेला. पुढे काचेखाली जोतिबाची तसबीर, नखाच्या निम्म्याएवढी. तिला पिवळ्या दोऱ्याच्या गाठींचा झेंडूचा हार. आणि डॅशबोर्डच्या फळीवर गुलालाचा गुलाबी डाग. पुसूनही न गेलेला असतो, अगदी तसा.

सरांनी डोळ्याला भिंग लावून आत बघितलं. आणि ते हसले. मोठ्यानं, पोट हलवून हसले.

“जोतिबाला जाऊन आलीय की गं गाडी!”

मग जिन्याकडे तोंड करून त्यांनी चाचींना, म्हणजे आपल्या बायकोला, हाक मारली. “अहो, वर या जरा. हातातलं राहू दे, या!” चाची पिठाच्या हातानं वर आल्या. त्यांनी बघितलं, त्याही हसल्या. “टॉवेल ओला आहे का गं?” म्हणाल्या. सरांनी तेवढ्यानं पुन्हा हसून घेतलं. मग ती बिनटपाची गाडी बोटानं टेबलावरून ढकलत नेली आणि तोंडानं हळूच घर्रर्र केलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं!

भरतेशच्या अंगाचा तिळपापड झाला.

समोर त्याची स्वतःची गाडी होती. लाल, बुटकी, शर्यतीची. तिच्या रंगावर त्यानं इतके हात दिले होते, इतकं पॉलिश केलं होतं, की टपात खिडकीचे गज दिसत. इंजिनाच्या प्रत्येक वायरला रंग वेगळा. ती पुरी झाली त्या दिवशी सरांनी वाकून बघितली होती आणि म्हटलं होतं, “चांगली झालीय.”

चमच्याला म्हणायचे तेच. तेवढंच.

हातातसुद्धा घेतली नाही. घर्रर्र तर दूरच.

त्या दिवसापासून भरतेश मयूरीला पाण्यात पाहू लागला. वरवर गोड होता. “छान चाललंय,” म्हणायचा. पण ती शिंकली तरी त्याला वाटे, रंगाच्या खोलीत शिंकतात का! आणि आपण एका बाईच्या टिश्यू कागदाच्या टॉवेलवर जळतोय याची त्याला लाजही वाटे. लाज वाटली म्हणून जळणं थांबतं थोडंच? उलट दोन्हींचा त्रास होतो.

दर जानेवारीत या वेड्यांचं प्रदर्शन भरतं. शहरातला एखादा हॉल घ्यायचा, टेबलांना पांढऱ्या चादरी घालायच्या, सांगली-इचलकरंजीपासून लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात. मुल्लाणी सरांचं टेबल दारासमोर असतं. त्यावर सर आपली एकच गाडी ठेवतात आणि तिच्या शेजारी एका शिष्याची एक.

त्याला बक्षीस वगैरे कुणी म्हणत नाही. पण येणारा प्रत्येक जण आधी तिथं जातो आणि विचारतो, शेजारची कुणाची?

इतकी वर्षं शेजारची भरतेशची होती.

एका रविवारी ब्रश धुता धुता सर सहज म्हणाले, “यंदा शेजारी मयूरीची ठेवू. तिचे वडील येणार आहेत.”

“हो सर,” भरतेश म्हणाला. “छानच की.”

असं म्हणताना त्याच्या हातातल्या रंग ढवळायच्या काडीचे दोन तुकडे झाले. ते त्यानं खिशात टाकले.

...

आता काचेचं सांगतो.

या गाड्यांच्या काचा पारदर्शक प्लॅस्टिकच्या असतात. त्या नेहमी पांढऱ्या गोंदानं बसवायच्या. शाळेत हस्तकलेला वापरतात त्या साध्या गोंदानं. तो वाळायला वेळ घेतो, पण वाळला की दिसत नाही. बारक्या नळीतला झटपट गोंद काचेच्या आसपाससुद्धा आणायचा नाही. तो क्षणात धरतो, पण मागाहून त्याची वाफ सुटते आणि ती पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी बसते. गाडी खोक्यात बंद असेल तर वाफेला जायला जागाच नाही. सकाळी बघावं तर काच दुधासारखी. आणि ते पुसून जात नाही, काच कायमची गेली.

हे पुस्तकात वाचून कळत नाही. प्रत्येकाची एक तरी काच अशी गेलेली असते, तेव्हा कळतं. भरतेशच्या दोन गेल्या होत्या.

प्रदर्शनाच्या आधीचा रविवार सोडून त्याच्या आधीचा रविवार. खोलीत तिघंच. सर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, डोळ्यांवर भिंगाची पट्टी बांधून, मान खाली घालून एका चाकाच्या कडेला चंदेरी रंग लावत होते. मयूरीला शाळेच्या कार्यक्रमाला पोचायचं होतं. सगळं झालं होतं, काचा तेवढ्या राहिल्या होत्या. काचा बसवायची तिची ही पहिलीच वेळ.

टेबलावर दोन्ही गोंद होते. तिनं बारकी नळी उचलली.

“डॉक्टर, काचेला हा चालेल?”

भरतेशनं नळीकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं. सरांची मान खाली होती.

‘नाही’ हा शब्द काही फार मोठा नाही. एवढ्याशा शब्दाला वेळही लागत नाही. तो त्याच्या ओठांपर्यंत आला होता. आणि तेवढ्यात त्याला ते हसू आठवलं. मोठ्यानं, पोट हलवून हसलेलं.

“घट्ट बसेल,” तो म्हणाला.

खोटं नव्हतं. घट्टच बसते. सत्य बोलूनही माणसाला केवढं पाप करता येतं बघा, आणि वर हात स्वच्छ राहतात.

“थँक यू हं,” मयूरी म्हणाली.

तिनं पुढची काच बसवली. मागची बसवली, बाजूच्या चारही बसवल्या. टप खाली बसवला आणि दाबून धरला. काच झटकन धरली तशी खूश झाली. “अरे वा, लगेच की!” म्हणाली. मग गाडी कापसात ठेवली, खोक्याचं झाकण लावलं आणि वरून रबर चढवलं.

झाकण उघडं ठेव, एवढं तरी सांगावं असं भरतेशला वाटलं. तेही त्यानं सांगितलं नाही. मूग गिळायला एकदा सुरुवात केली की मूठभरच गिळून भागत नाही.

“येतो सर,” मयूरी म्हणाली. कोल्हापूरच्या बायका ‘येते’ म्हणत नाहीत. आणि ती जिना उतरली.

त्या आठवड्यात भरतेशचं दवाखान्यात लक्ष नव्हतं. तोंडात घालायचा छोटा आरसा पेशंटच्या श्वासानं सारखा धूसर व्हायचा. रोजचीच गोष्ट. पण यावेळी तो आरसा इतक्यांदा पुसत होता की एका आजीबाईंनी विचारलं, “डॉक्टर, फारच वाईट आहे का हो आत?”

कधी त्याला वाटे, नसेल झालं काही. कधी वाटे, झालंच असेल. पहिल्या विचारानं त्याची निराशा व्हायची. हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. पण फोन काही त्यानं केला नाही.

पुढच्या रविवारी मयूरी आली. खोकं टेबलावर ठेवलं, रबर काढलं आणि झाकण उघडलं.

“सर, मोतीबिंदू झाला हो गाडीला.”

हे बोलताना ती हसत होती. वाक्य संपता संपता तिचा आवाज फुटला.

पुढची काच पांढरी. मागची पांढरी. बाजूच्या चारही पांढऱ्या. टॉवेल दिसत नव्हता, जोतिबा दिसत नव्हता, गुलाल दिसत नव्हता. नुसती एक पांढरी गाडी, थंडीत काचा चढवून उभी असावी तशी.

सरांनी गाडी हातात घेतली. फिरवली. नखानं काचेची कड चाचपली.

“कुठला गोंद?”

“नळीतला.”

“हं.”

“आज सकाळी झाकण उघडलं तेव्हा कळलं. वडिलांना मी कालच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “म्हटलं, तुमचा टॉवेलसुद्धा ठेवलाय आत. ते म्हणाले, कुठला, निळ्या काठाचा की लाल? मी म्हटलं, या आणि बघा की.”



तिनं ओढणीनं डोळे पुसले. “जाऊ दे, माझंच चुकलं, सर. घाई केली. कुणाला तरी विचारायला पाहिजे होतं.”

भरतेशचे कान तापले. विचारायला पाहिजे होतं! ही विसरली की काय? की विसरली नव्हती आणि त्याला सांभाळून घेत होती? त्यानं तिच्याकडे चोरून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर तसलं काहीच नव्हतं. ती फक्त गाडीकडे बघत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“गाडी इथंच राहू दे,” सर तिला म्हणाले. “जा तू. शनिवारी प्रदर्शनाला ये वडिलांना घेऊन.”

“आता कशाला, सर?”

“ये म्हटलं ना.”

ती गेली. आज स्कूटरचा आवाज बराच वेळ सुरूच झाला नाही. मग झाला.

सरांनी पिचकारी पुसायला घेतली. रोजच्यासारखीच.

“भरतेश, शनिवारी तुझी लाल गाडी आण. शेजारी तुझीच ठेवू.”

तर असं झालं. जे हवं होतं ते मिळालं, तेही न मागता.

“बरं, सर,” भरतेश म्हणाला.

तो उठला. पिशवी घेतली. जिना उतरून खाली आला. दारात एक चप्पल पायात घातली. दुसरीत पाय सरकवत होता, तर पाय आत जाईना. चप्पल तीच, पाय तोच.

...

एक चप्पल पायात, दुसरा पाय अनवाणी, असा तो पुन्हा जिना चढून वर आला. सरांच्या खोलीत चप्पल घालून येण्याची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. त्याच्या ते लक्षातच आलं नाही.

सरांनी छोटी बॅटरी पेटवली होती. अँबॅसिडरच्या काचेला ती टेकवून आत काही दिसतंय का, ते बघत होते.

“सर, तिनं विचारलं होतं.”

“हं.”

“मला विचारलं होतं. काचेला हा चालेल का म्हणून.”

“हं.”

“मी म्हटलं, घट्ट बसेल.”

“बसलीय की घट्ट,” सर म्हणाले. बॅटरी त्यांनी दुसऱ्या काचेला लावली.

भरतेश खाली बसला. स्टुलावर नव्हे, जमिनीवरच.

“मी काढतो, सर. दवाखान्यात माझ्याकडे बारीक ड्रिल आहे. कडेकडेनं कापून काच बाहेर काढतो. टपाला धक्का लागू देत नाही. पारदर्शक शीट तापवून नव्या काचा करतो. शनिवारच्या आत बसवतो. पांढऱ्या गोंदानं.” त्याचा श्वास लागला होता. “तिला कळणारसुद्धा नाही.”

“काय कळणार नाही?”

“म्हणजे... काच बदललीय ते.”

“तेवढंच?”



सरांनी गाडी उचलली आणि भरतेशच्या तळहातावर ठेवली.

“ने. आधी तिला फोन कर.”

“काय सांगू तिला?”

“मला काय विचारतोस? चमचा आहे का तो?”

तिथं भरतेशचा बांध फुटला. चूक कबूल करायला आलेला माणूस जेव्हा उलट भांडायला लागतो ना, तेव्हा समजावं की आता खरं काय ते बाहेर पडतंय.

“बरोबर आहे, सर. मी हलकट आहे. जळलो मी तिच्यावर. पण का जळलो? तिच्या गाडीत केस अडकलाय, बोनेट वाकडं आहे, आणि तुम्ही हसलात! चाचींना वर बोलावलंत! गाडी टेबलावरून पळवलीत! माझी लाल गाडी कधी हातात तरी घेतलीत? ‘चांगली झालीय.’ पहिल्या चमच्यापासून आजपर्यंत तेवढंच. इतकी वर्षं मी या खोलीत येतोय, सर. एकही रविवार चुकवला नाही. बायको म्हणते, तिथंच राहायला जा. कशासाठी येतो मी? त्या गाड्यांसाठी? तुम्ही एकदा माझ्याकडं नीट बघावं म्हणून येतो. एकदा! पण तुमची मान कायम खाली.”

त्यानं अँबॅसिडर जपून मांडीवर ठेवली. 



आणि मग भरतेशला ते सुचलं. सुचलं म्हणजे, बुडत्याला काडी सापडावी तसं सापडलं. एकट्याचाच दोष का म्हणून घ्यायचा?

“आणि तुम्ही, सर? तुम्ही तर समोर होता. ती नळी तुम्ही वासावरून ओळखता. तिनं काही हळू नाही विचारलं, मोठ्यानं विचारलं. मी काय म्हणालो तेही तुम्ही ऐकलंत. ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“मग? मी नाही बोललो, मी जळत होतो. तुम्ही का नाही बोललात? तिनं एक काच लावली, दुसरी लावली, झाकण लावलं. एक शब्द बोलला असतात तर वाचली असती गाडी. सांगा ना, सर. तिची गाडी तुमच्या डोळ्यांदेखत वाया जात होती, तेव्हा तुमचं लक्ष होतं तरी कुठं?”

सरांनी बॅटरी विझवली. चष्मा काढला. डोळे जरा ओले दिसले, पण ते वयानंही असेल.

...

“तुझ्याकडे.”